मूळपुरुषाच्या शेजारी

आमच्या वाईच्या घरी फडताळात घराण्याचा कुलवृत्तांत आहे. लग्न होऊन मी त्या घरात गेले, त्यानंतर महिनाभरातच सासऱ्यांनी तो माझ्यापुढे ठेवला होता. पहिल्या पानावर मूळपुरुष, त्याच्याखाली त्याचे तीन मुलगे, मग त्यांचे मुलगे. मी सात पिढ्या मागच्या सासूबाईंचं नाव शोधायला गेले, तर त्या जागी नुसती टिंबं छापलेली होती. ती टिंबं गेली चाळीस वर्षं माझ्या मनात आहेत.

गेल्या ऑक्टोबरात पेन्सिल्व्हेनियात व्याह्यांच्या जेवणाच्या टेबलावर ती मला पुन्हा दिसली. आमची सून तिथली. तिचं माहेर लीहाय खोऱ्यात, फिलाडेल्फियाच्या उत्तरेला दीड तासावर. तिचे वडील निवृत्त मोजणीदार आहेत. जमिनी मोजण्यात आयुष्य गेल्यावर त्यांनी आता स्वतःच्या घराण्याची मोजणी आरंभली आहे. चार फूट लांबीच्या कागदावर त्यांनी वंशवृक्ष काढला होता. सगळ्यात खाली आमची अकरा वर्षांची नात, सगळ्यात वर १७५१ साली जर्मनीहून आलेला मूळपुरुष. त्याच्या शेजारच्या चौकटीत प्रश्नचिन्ह. घरातली नावं छापू नयेत अशी व्याह्यांची इच्छा आहे, म्हणून मी त्यांच्या पूर्वजाला मूळपुरुषच म्हणते.

"हिचं काय?" मी प्रश्नचिन्हावर बोट ठेवून विचारलं.

"ती जहाजाच्या यादीत नाही," व्याही म्हणाले. "उद्या तुम्हाला यादीच दाखवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं, म्हणजे व्याही, नात आणि मी, फिलाडेल्फियाला निघालो. तिथे लोकस्ट स्ट्रीटवर १८२४ साली स्थापन झालेल्या पेन्सिल्व्हेनिया इतिहास संस्थेची इमारत आहे. वाचनालयात पेनाला मज्जाव, फक्त पेन्सिल चालते. उंच छत, मोठी टेबलं, आणि पानं उलटल्याच्या आवाजाखेरीज शांतता. पुण्यात मोडीच्या वर्गाला जात होते तेव्हा जुन्या कागदांसमोर बसल्यावर जसं वाटायचं, तसंच तिथे वाटलं.

ज्या पुस्तकासाठी आलो होतो त्याचे तीन खंड आहेत. स्ट्रासबर्गर आणि हिंके या दोघांनी ते तयार केलं, १९३४ साली छापलं गेलं. त्यामागची हकीकत अशी. अठराव्या शतकात ऱ्हाइन नदीच्या काठचे जर्मन लोक जहाजंच्या जहाजं भरून फिलाडेल्फियाला उतरू लागले. लढाया, करांचा बोजा आणि वाटण्यांनी तुकडे झालेली शेतं यांना ते कंटाळले होते, आणि पेन कुटुंबाच्या या वसाहतीत धर्माची मोकळीक होती, जमीन मिळण्याची आशा होती. इंग्रज अधिकाऱ्यांना मात्र या परभाषिक गर्दीची धास्ती वाटली. म्हणून १७२७ पासून नियम झाला: उतरणाऱ्या प्रत्येक जर्मनाने राजाशी इमान राखण्याची शपथ घ्यायची आणि सही करायची. पुढे पोपची सत्ता आणि स्टुअर्ट घराण्याचा गादीवरचा दावा नाकारणारी दुसरी शपथही आली. १७७५ पर्यंत हे चालू राहिलं आणि साठ हजारांहून अधिक जर्मन या बंदरात उतरले. नावांच्या तीन प्रकारच्या याद्या झाल्या: कप्तानाने दिलेली एक, आणि दोन शपथांच्या सह्यांच्या दोन. दुसऱ्या खंडात त्या सह्या मूळ हस्ताक्षरांसकट छापल्या आहेत.

व्याह्यांनी पान उघडलं. काही सह्या डौलदार, काही थरथरत्या. आमचा मूळपुरुष निरक्षर. त्याचं नाव इंग्रज कारकुनाने कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलं होतं आणि मधोमध त्याने स्वतः खूण केली होती: एक उभी रेघ, तिच्यावर दोन आडव्या. मी नातीला सांगितलं की आपल्याकडेही जुन्या कागदांवर पाटील सही करत नसत, नांगराचं चित्र काढत आणि शेजारी लिहिलेलं असे 'निशाणी नांगर'. हा माणूसही शेतकरीच. तिने ती खूण आपल्या वहीत उतरवून घेतली.

एकाच माणसाच्या नावाची तीन स्पेलिंगं एकाच दिवसात होऊ शकतात, हे त्या याद्यांवरून कळतं. पुढे जमिनीच्या कागदात चौथं आणि मुलांच्या काळात पाचवं. कुणी म्युलरचा मिलर झाला. कुणी झिमरमानने, म्हणजे सुताराने, नावाचं भाषांतर करून कार्पेंटर लावून घेतलं. त्यात घरोघरी मुलाचं पहिलं नाव योहान. हाक मारायची ती दुसऱ्या नावाने, कागदावर मात्र सगळे योहान. व्याह्यांना त्या दहा-पंधरा वर्षांत आलेले याच नावाचे पाच पुरुष सापडले होते, आणि जर्मनीत त्या भागातल्या गावांमध्ये तर किती तरी. आपला कोणता, हे ठरवायला धागाच नव्हता.

आणि यादीत बायका का नाहीत, याचं उत्तर त्या शपथेतच आहे. शपथ घ्यायची ती सोळा वर्षांवरच्या पुरुषांनी. सरकारला ज्यांच्याकडून इमान हवं होतं त्यांची नावं राहिली. त्यांच्यासोबत जहाजातून उतरलेल्या बायका आणि लहान मुलं बहुतेक याद्यांमध्ये आकड्यापुरतीसुद्धा उरली नाहीत. मला त्या वेळी मॉरिशस आठवलं. रत्नागिरी-साताऱ्याकडची मराठी माणसं एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर करारावर तिथे गेली. त्यांच्या नोंदवह्या मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत. तिथे प्रत्येक बाईला स्वतःचा क्रमांक आहे, तिचं नाव आहे, वय, गाव, उंची, अंगावरच्या खुणा आहेत. मळ्यात राबायला बाई हवी होती, म्हणून ती मोजली गेली. दोन्हीकडे लिहिणाऱ्याची गरज आधी, माणूस नंतर.

वाचनालयातून आम्ही चालत नदीकडे गेलो. सेकंड स्ट्रीट आणि मार्केट स्ट्रीट जिथे मिळतात तिथे भर रस्त्यात जुनं कोर्ट होतं. बहुतेक शपथा तिथेच झाल्या. ती इमारत १८३७ साली पाडली. जवळचं क्राइस्ट चर्च मात्र तसंच उभं आहे. आमच्या मूळपुरुषाने १७५१ साली ते पाहिलं असणार, तेव्हा त्याच्यावर मनोरा चढायचा होता. पुढे डेलावेअर नदी. रुंद, करड्या पाण्याची. तिच्या काठावर उभं राहून व्याह्यांनी नातीला सांगितलं की शपथ झाली म्हणजे माणूस मोकळा झाला, असं नव्हतं. ज्याने भाडं भरलेलं नसेल त्याला जहाजावर परत जावं लागे. गिऱ्हाईकं तिथे येत, माणसं पारखून घेत, आणि भाड्याच्या बदल्यात तीन ते सहा वर्षांच्या चाकरीचा करार होई. धडधाकट माणसं आधी जात, आजारी मागे राहत. आईबाप आणि मुलं वेगवेगळ्या घरी, एकमेकांपासून कोसांवर जात. जर्मनटाउनचा छापखानेवाला क्रिस्टोफ झाउअर १७३९ पासून जर्मन वर्तमानपत्र काढत असे. त्यात बायको नवऱ्याला शोधते आहे, भाऊ बहिणीला शोधतो आहे, अशा जाहिराती येत.

हे सगळं ज्याने स्वतः पाहून लिहिलं तो जिथे शिकवत होता त्या गावी आम्ही तिसऱ्या दिवशी गेलो. गावाचं नाव ट्रॅप. तिथलं ऑगस्टस ल्यूथरन चर्च १७४३ साली बांधलेलं. जाड दगडी भिंती, दुमडीचं उतरतं छप्पर, आत लाकडी बाक. लांबून एखादं मोठं धान्याचं कोठार वाटावं. पेन्सिल्व्हेनियातल्या ल्यूथरन पंथीयांची घडी बसवणारे धर्मगुरू म्यूलनबर्ग इथे होते आणि चर्चच्या मागेच त्यांची कबर आहे. १७५० साली गोटलीब मिटेलबर्गर नावाचा शाळामास्तर जर्मनीहून एक ऑर्गन घेऊन पेन्सिल्व्हेनियात आला. जवळजवळ चार वर्षांनी, इथे शिकवून, ऑर्गन वाजवून तो परत गेला आणि १७५६ साली त्याने आपला प्रवास छापला. लोकांनी इकडे येऊ नये हा त्याचा हेतू होता, त्यामुळे त्याच्या लिखाणाला थोडी एकांगी धार आहे हे मान्य. पण आमचा मूळपुरुष त्याच्यानंतर एका वर्षाने त्याच वाटेने आला, म्हणून मला तो साक्षीदार फार मोलाचा वाटतो.

तो लिहितो की हाइलब्रॉनपासून हॉलंडपर्यंत ऱ्हाइनवर छत्तीस जकातनाकी होती. प्रत्येक नाक्यावर होडी थांबायची, नाकेदाराला सवड होईल तेव्हा तपासणी व्हायची. नदीवरच चार ते सहा आठवडे जात आणि गाठीचा पैसा तिथेच संपे. मग रॉटरडॅम, मग इंग्लंडमधलं काउझ बंदर, आणि तिथून पुढे सात ते बारा आठवडे समुद्र. मोठ्या माणसाचं भाडं दहा पौंड, पाच ते दहा वर्षांच्या मुलाचं निम्मं. अर्ध्याहून जास्त प्रवास झाल्यावर कुणी दगावलं, तर मेलेल्याचं भाडंही मागे राहिलेल्यांनी फेडायचं. एक ते सात वर्षांची मुलं क्वचितच पार पोचत. त्याच्या एका जहाजावर बत्तीस मुलं गेली आणि ती समुद्रात सोडली गेली.

नात बाकावर बसून हे ऐकत होती. "त्याच्या आदल्याच वर्षी?" तिने विचारलं. "आदल्याच वर्षी," व्याही म्हणाले, आणि आम्ही बाहेर आलो.

परतीच्या वाटेवर व्याह्यांनी मुद्दाम वळण घेऊन राइट्सटाउनला गाडी थांबवली. "आमच्या जमिनीची गोष्ट इथून सुरू होते," ते म्हणाले. वसाहतीचा संस्थापक विल्यम पेन याच्या मुलांनी १६८६ सालचा म्हणून एक दस्त पुढे केला: एक माणूस दीड दिवसात चालून जाईल तेवढी जमीन लेनापी या इथल्या मूळ रहिवाशांनी पेनला दिली आहे. लेनापींनी ते चालणं माणसाच्या साध्या चालण्यासारखं, दुपारी भाकरी खायला बसत, नदीच्या काठाकाठाने असेल असं धरलं होतं. पेनबंधूंनी झाडी तोडून आधीच वाट मोकळी करून ठेवली आणि तीन चपळ माणसं निवडली. १९ सप्टेंबर १७३७ रोजी ते तिघं इथून सुटले. शेवटपर्यंत टिकला तो एडवर्ड मार्शल, सुमारे पासष्ट मैल गेला. मग तिथून नदीकडे रेघ ओढली तीही तिरकी, जास्तीत जास्त जमीन आत येईल अशी. सुमारे बारा लाख एकर गेले. लीहाय खोरं त्यातच आलं. लेनापींना तिथून उठवलं गेलं आणि पुढच्या पिढ्यांत ते पश्चिमेकडे ढकलले जात पार ओक्लाहोमापर्यंत पोचले. व्याह्यांनी आयुष्यभर हद्दी आखल्या. त्यांना त्या तिरक्या रेघेचा मनापासून राग आहे. आपल्या पूर्वजाची शंभर एकर त्या रेघेच्या आत आहेत, हे त्यांनी वंशवृक्षाच्या कागदावर खाली लाल शाईने लिहून ठेवलं आहे.

जमिनीच्या कागदांत व्याह्यांचा हातखंडा. आधी जमीन-कचेरीचं हुकूमपत्र, मग मोजणी, मग पक्का दस्त. दर शंभर एकराला साडेपंधरा पौंड आणि वर एकरी अर्धा पेनी वार्षिक सारा. हद्द लिहिलेली असते झाडांवरून: पांढऱ्या ओकपासून इतके पर्च हिकोरीपर्यंत, तिथून दगडांच्या ढिगापर्यंत. पर्च म्हणजे साडेसोळा फूट. मी कागदावर गुणाकार केला. आपला गुंठा तेहेतीस फूट चौरस, म्हणजे दोन पर्च लांब आणि दोन पर्च रुंद, बरोबर चार चौरस पर्च! चाळीस गुंठ्यांचा एकर, एकशे साठ चौरस पर्चांचा एकर. वाईच्या सातबाऱ्यावरचं माप आणि लीहायच्या ओकखालचं माप एकाच इंग्रजी साखळीतून उतरलेलं. व्याह्यांना ते इतकं आवडलं की त्यांनी तो गुणाकाराचा कागद खिशात घातला.

पण त्या दस्तांतही तिचं नाव नव्हतं. राहिल्या चर्चच्या वह्या.

मधल्या एका सकाळी विहीणबाईंनी मला बेथलेहेमला नेलं. मोरेव्हियन पंथाच्या लोकांनी १७४१ साली वसवलेलं हे गाव. त्यांची जुनी वस्ती २०२४ साली जागतिक वारशाच्या यादीत गेली. या लोकांत एक विलक्षण रीत होती: प्रत्येकाची जीवनकथा लिहून ठेवायची, बऱ्याचदा ज्याची त्यानेच, आणि ती दफनाच्या वेळी वाचायची. बायकांनीही आपापल्या लिहिल्या आणि त्या तिथल्या दफ्तरखान्यात जपून ठेवल्या आहेत. त्यांच्या स्मशानात सगळे दगड सपाट, सारख्याच आकाराचे, जमिनीशी समपातळीत बसवलेले. कुटुंब तिथे एकत्र नसतं. बायका बायकांच्या रांगेत, पुरुष पुरुषांच्या. जर्मन शेतकऱ्यांच्या शेजारी मोहिकन लोकही पुरलेले आहेत. मी बराच वेळ बायकांच्या रांगेतून फिरले. प्रत्येकीचं नाव, जन्मगाव. मूळपुरुषाची बायको या पंथाची असती तर तिने कदाचित स्वतःच सगळं सांगितलं असतं.

ती होती साधी ल्यूथरन. मूळपुरुषाच्या शेतापासून चार मैलांवरचं चर्च अजून आहे, इमारत तिसऱ्यांदा बांधलेली. ल्यूथरन आणि रिफॉर्म्ड असे दोन पंथ आळीपाळीने एकच इमारत वापरत. पेन्सिल्व्हेनियाच्या खेड्यांत अशी जोडचर्चं पुष्कळ होती. तिथल्या बाप्तिस्म्याच्या वहीच्या छायाप्रती आणि इंग्रजी सूची व्याह्यांकडे होती. १७५३ आणि १७५५ साली मूळपुरुषाच्या दोन मुलांचे बाप्तिस्मे झाले. आई म्हणून धर्मगुरूने लिहिलं होतं फक्त 'आणि त्याची पत्नी'.

मी छायाप्रती मागितल्या. जुनं जर्मन हस्ताक्षर आपल्या मोडीच्या चुलतभावासारखं आहे: लेखणी न उचलता वाहत जाणारं, 'ई' आणि 'एन' सारखेच दिसणारे, वाचता न येणाऱ्याला नुसत्या लाटा. मला जर्मन येत नाही. पण मोडीने एक सवय लावली आहे: अक्षर कळलं नाही तर तेच वळण पानावर आणखी कुठे आहे ते शोधायचं. मूळपुरुषाचं आडनाव मी ओळखायला शिकले आणि त्याचं वळण पानोपान शोधत गेले. एका परक्याच कुटुंबाच्या नोंदीत, बाळाच्या धर्ममातेच्या जागी, ते आडनाव दिसलं. फक्त त्याच्या शेवटी दोन अक्षरं जास्त होती.

"हे वेगळं आडनाव आहे," व्याही म्हणाले. "सूचीत वेगळंच दिलंय. या आडनावाची माणसं इथे कुणी नव्हती, म्हणून मी सोडून दिलं."

"शेवटी काय आहे?"

"इन."

मला एकदम आमच्या आळीतल्या बायका आठवल्या. जोशीण, कुळकर्णीण, देशपांडीण, पाटलीण. मी म्हटलं, "हे आडनाव वेगळं नाही. ही त्याची बायको आहे." व्याह्यांनी दुसरी पानं काढली. वेबरच्या घरची वेबेरिन, श्नायडरची श्नायडरिन. सगळ्या वहीत तेच होतं. त्या काळी जर्मन भाषा बाईच्या आडनावाला हा प्रत्यय लावत असे. सूची करणाऱ्याने तशा सगळ्या बायका वेगवेगळ्या घराण्यांत टाकल्या होत्या. आमच्या त्या 'ईण'च्या आधी तिची दोन्ही पहिली नावं स्वच्छ लिहिलेली होती. १७५४ साली ती शेजारणीच्या मुलीची धर्ममाता झाली होती आणि त्या मुलीला रीतीप्रमाणे तिचंच नाव ठेवलं होतं.

बायकोचं नाव मिळाल्यावर नवराही सापडला. जर्मनीतल्या प्रॉटेस्टंट चर्चच्या पुष्कळ वह्या आता पैसे भरून संगणकावर पाहता येतात. त्या नावाचे पुरुष डझनावारी, पण या नावाच्या बायकोचा नवरा एकच निघाला. दोन रात्री व्याही आणि सूनबाई जागले. तिसऱ्या रात्री अकरा वाजता त्यांनी आम्हाला उठवलं. ऱ्हाइनपासून फार लांब नसलेलं एक खेडं, १७४३ सालचं लग्न, वधूचं माहेरचं आडनाव, तिच्या वडिलांचा धंदा: विणकर. आणि समासात नंतर कुणा धर्मगुरूने वेगळ्या शाईने लिहिलेलं: पेन्सिल्व्हेनियाला गेले.

व्याह्यांनी वंशवृक्षाचा कागद उलगडला, खोडरबराने प्रश्नचिन्ह पुसलं आणि तिचं पूर्ण नाव लिहिलं, माहेरच्या आडनावासकट. विहीणबाईंनी कॉफी केली. नात संगणकावर पुढची पानं बघत होती. लग्नानंतर तीन बाप्तिस्मे तिला सापडले: १७४४ साली मुलगी, १७४६ साली मुलगा, १७४९ साली आणखी एक मुलगी. थोरली आम्हाला ठाऊक होती. १७६४ साली लीहायमधल्या त्याच चर्चमध्ये तिचं लग्न झालेलं आहे.

"पण आजी, या दोघांची नावं तर आपल्या इथल्या मुलांची आहेत," नात म्हणाली. "१७५३ ची मुलगी आणि १७५५ चा मुलगा. एकाच घरात तीच नावं दोनदा कशी?"

सूनबाईने माझ्याकडे पाहिलं. मूल गेलं की पुढच्या मुलाला तेच नाव ठेवायची त्या लोकांत रीत होती. हे नातीला कुणी सांगायचं, ते आम्हा बायकांना क्षणभर ठरवता येईना. शेवटी तिच्या आईने सांगितलं, तिला जवळ घेऊन, तिच्या भाषेत.

व्याह्यांनी पट्टी घेतली. थोरलीच्या शेजारी दोन नव्या चौकटी आखल्या. नावं लिहिली, जन्माची वर्षं लिहिली: १७४६, १७४९. मृत्यूच्या जागी ते थांबले. मग पेन खाली ठेवून त्यांनी पेन्सिल उचलली आणि दोन्ही चौकटींत लिहिलं: १७५१, समुद्रावर.